कोंडवाड्याचे दार आणि मोटारीची काच



व्याख्यानमालेचे दिवस म्हणजे उन्हाचे दिवस. आपण येथे संध्याकाळी जमतो, कारण दुपारी कोणी घराबाहेर पडावे असे हे दिवसच नाहीत. अशाच एखाद्या दुपारी भर बाजारपेठेत एक मोटार उभी आहे, अशी कल्पना करा. काचा वर केलेल्या, दारांना कुलूप, मालक कोठे गेला कोणास ठाऊक, आणि आत मागच्या बैठकीवर एक कुत्रे. ते आधी भुंकते, मग काचेवर पंजे मारते, आणि शेवटी धापा टाकीत आडवे होते. भोवती दहा माणसे जमली आहेत. प्रत्येकाला दिसते आहे, प्रत्येकजण हळहळतो आहे. आणि रस्त्याच्या कडेला दगड पडलेला असूनही तो कोणी उचलीत नाही. ही माणसे काही निर्दय नाहीत. पण काच दुसऱ्याची आहे. उद्या मालकाने भरपाई मागितली, पोलिसांत फिर्याद केली, तर आपल्या मागे कोण उभे राहणार, हा विचार प्रत्येकाचा हात धरून ठेवतो.

आजचा माझा विषय म्हणजे ह्या विचाराला कायद्याने वेळोवेळी दिलेल्या उत्तराचा इतिहास. बंद मोटारीतून मुके जनावर सोडवणाऱ्या माणसाला संरक्षण देणारे कायदे अमेरिकेत गेल्या दहा-बारा वर्षांत झाले. ते वाचताना ही अगदी नव्या जमान्याची कल्पना आहे असे वाटते. वस्तुतः तिचे मूळ जवळजवळ दोनशे वर्षे मागे जाते, आणि ते सापडते एका अशा जागी की जी आपल्या खेड्यापाड्यांतील माणसाला फार चांगली माहीत आहे. ती जागा म्हणजे कोंडवाडा.

परंतु त्याआधी घाई कशाची आहे ते समजून घेऊ. कारण ह्या साऱ्या इतिहासात वेळेलाच महत्त्व आहे. काचेतून ऊन आत शिरते, बैठकी तापतात आणि तापलेली हवा बाहेर पडू शकत नाही. अमेरिकेतील संशोधकांनी उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत उष्णतामापके ठेवून मोजमाप केले आणि ते २००५ साली प्रसिद्ध केले. तासाभरात आतील उष्णता सरासरीने सुमारे २२ अंश सेल्सिअसने वाढली, आणि ह्यातील पाचात चार हिस्से वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. बाहेर अवघे २२ अंश असतानाही आतील पारा ४७ अंशांपर्यंत चढू शकतो असे त्यांना आढळले. खिडकी बोटभर उघडी ठेवल्याने फारसा फरक पडला नाही. आपल्या वैशाखात बाहेरच चाळीस अंश असतात; तेव्हा आत काय होत असेल ह्याचा हिशेब ज्याने त्याने करावा. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकून, जिभेवाटे तो आपले शरीर निववतो. आणि भोवतालची हवाच भट्टीसारखी झाली म्हणजे धापांचाही उपयोग होत नाही. अशा वेळी मालकाला शोधून आणण्याइतकी सवड असेलच असे नाही.

आता कायद्याकडे वळू. दुसऱ्याच्या मालमत्तेला हात लावू नये, हा सर्व कायद्यांचा पाया आहे. पण ह्या नियमाला एक जुना अपवादही आहे. १६०८ साली इंग्लंडात एक खटला झाला. ग्रेव्हसेंडहून लंडनला जाणारी एक नाव थेम्स नदीत वादळात सापडली. ती बुडू नये म्हणून उतारूंनी नावेतील सामान पाण्यात फेकले. त्यात माऊस नावाच्या माणसाची पेटी गेली आणि त्याने फिर्याद केली. माणसांचे प्राण वाचविण्यासाठी असे करणे योग्यच होते असा निर्णय झाला. हेच तत्त्व १८६० च्या भारतीय दंडसंहितेत ८१ व्या कलमाच्या रूपाने आले. त्या कलमाखाली दिलेले उदाहरण तर कोणालाही पटावे असे आहे. मोठी आग लागली असताना ती पसरू नये, माणसे आणि मालमत्ता वाचावी म्हणून सद्हेतूने कोणी घरे पाडली, तर तो गुन्हा होत नाही.

गुन्हा नाही हे ठरले, पण नुकसान कोणी सोसावे? १९१० साली अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या वरिष्ठ न्यायालयापुढे हा प्रश्न आला. वादळात एका बोटीच्या लोकांनी बोट धक्क्याला घट्ट बांधून ठेवली. बोट वाचली, पण तिच्या आपटण्याने धक्का मोडला. न्यायालय म्हणाले, बोट बांधून ठेवण्यात ह्यांची चूक नव्हती; तथापि स्वतःची वस्तू वाचवण्यासाठी दुसऱ्याची वस्तू खर्ची घातली आहे, तेव्हा भरपाई द्यावी. हा निकाल लक्षात ठेवा, कारण आपल्याला पुढे त्याची गाठ पडणार आहे.

ह्या उदाहरणांत वाचवावयाचे होते ते माणसांचे प्राण किंवा माणसाची मालमत्ता. जनावराचे काय? कायद्याच्या दृष्टीने जनावर ही स्वतःच एक मालमत्ता होती. मालकाने आपल्या बैलाला उपाशी ठेवले तर तो आपलीच वस्तू खराब करतो आहे, त्यात शेजाऱ्याचा काय संबंध, असाच प्रश्न विचारला जाई. हा प्रश्न प्रथम ढिला केला तो आयर्लंडमधील गॉल्वेचे प्रतिनिधी रिचर्ड मार्टिन ह्यांनी. त्यांच्या खटपटीने १८२२ साली ब्रिटिश पार्लमेंटने गुराढोरांना क्रूरपणे वागवणाऱ्यास दंड करणारा कायदा केला. दोन वर्षांनी, १८२४ मध्ये, लंडनच्या एका कॉफीगृहात प्राण्यांवरील क्रूरतेचा प्रतिबंध करणारी संस्था स्थापन झाली. तथापि मार्टिनसाहेबांचा कायदा मालकाला शिक्षा करीत होता, आणि तीही घडून गेल्यावर. जनावर डोळ्यांदेखत मरत असेल तर जवळून जाणाऱ्याने काय करावे, ह्याबद्दल तो काही बोलत नव्हता.

ह्या प्रश्नाला तोंड फुटले ते कोंडवाड्याच्या दाराशी. कोंडवाडा म्हणजे काय हे आपल्याला सांगावयास नको. एकाची गुरे दुसऱ्याच्या शेतात शिरतात. शेतवाला ती धरून कोंडतो. भरपाई मिळेपर्यंत सोडीत नाही. इंग्लंडातही हीच चाल. आता ह्या दोघांच्या भांडणात गुराला वैरण कोणी घालावयाची? जुना इंग्रजी नियम असा की कोंडवाडा उघडा असेल तर मालकाने, आणि बंदिस्त असेल तर कोंडणाऱ्याने. परंतु मालक म्हणतो, माझे गुर ह्याने अन्यायाने धरले. कोंडणारा म्हणतो, माझे पीक ह्याच्या गुराने खाल्ले. दोघेही हट्टाला पेटले म्हणजे मधले जनावर उपाशी राही. तिसरा कोणी दया येऊन पेंढीभर गवत घेऊन आत गेला, तर परक्या जागेत घुसल्याबद्दल त्याच्यावरच दावा होण्याची भीती. बाजारपेठेतील आपले दहा जण आणि कोंडवाड्याच्या भिंतीबाहेर उभा असलेला तो शेतकरी ह्यांची अडचण एकच आहे.

१८३५ साली जोसेफ पीझ ह्या क्वेकर पंथाच्या सभासदाने पार्लमेंटमध्ये नवा कायदा आणला. बैल झुंजवणे, कोंबडे लढवणे ह्यांवर त्याने बंदी घातली म्हणून इतिहासात त्याचे नाव आहे. पण त्याच कायद्यातील एक कलम फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही. कोंडलेले जनावर चोवीस तासांहून अधिक काळ अन्नावाचून राहिले, तर कोणाही माणसाने आत जाऊन त्याला खाऊ घालावे. असे आत शिरल्याबद्दल त्याच्यावर दावा चालणार नाही. कोणाही माणसाने, हे शब्द महत्त्वाचे आहेत. शिपाई नको, अधिकारपत्र नको, नातेसंबंध नको. डोळ्यांनी पाहिले आणि मनाला वाटले, एवढे पुरे.

पुढची गंमत अशी की हे चोवीस तास हळूहळू कमी होत गेले. १८४९ च्या कायद्याने ते बारा तास केले. १९११ च्या कायद्याने सहा तास केले, आणि चारापाण्याचा वाजवी खर्च मालकाकडून वसूल करण्याची सोय ठेवली. पाऊणशे वर्षांत समाजाचा धीर चोवीस तासांवरून सहा तासांवर आला. भूतदयेची प्रगती मोजावयाची झाली तर ह्यापेक्षा चांगले माप मला तरी ठाऊक नाही.

ही कल्पना समुद्र ओलांडून अमेरिकेत गेली. हेन्री बर्ग ह्यांनी १८६६ साली न्यूयॉर्कमध्ये लंडनच्या धर्तीवर प्राणिरक्षणाची संस्था काढली आणि १८६७ मध्ये त्या राज्यात नवा कायदा झाला. त्यातही हे कलम आले: कोंडलेले जनावर बारा तास अन्नपाण्यावाचून राहिल्यास कोणीही आत जाऊन ते द्यावे. त्याच सुमारास कोंडवाड्याला चाके फुटली. पश्चिमेकडील गुरे आगगाडीच्या डब्यांत कोंबून हजारो मैल नेली जाऊ लागली. म्हणून १८७३ साली अमेरिकेच्या काँग्रेसने असा कायदा केला की गाडीतील जनावरांना अठ्ठावीस तासांहून अधिक काळ सलग कोंडून ठेवू नये, मध्ये उतरवून चारा, पाणी व विसावा द्यावा. वाहनातील जनावराच्या हालांकडे कायद्याचे लक्ष गेले ते असे. पण येथे जबाबदारी रेल्वे कंपन्यांवर होती. वाटसरूला डब्याचे दार उघडण्याचा हक्क मिळाला नव्हता.

आपल्याकडे काय झाले? १८७१ साली हिंदुस्थानात गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा झाला. कोंडवाडा सांभाळणाऱ्याने गुरांना चारापाणी द्यावे असे त्यात स्पष्ट लिहिले. परंतु कोंडवाड्यातून गुरे सोडवून नेणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, असेही लिहिले. ह्यात नवल नाही. सरकारला भीती होती ती दंड न भरता गुरे पळवणाऱ्या मालकाची. पण परिणाम असा की सोडवणे हा शब्द आपल्या कायद्याच्या पुस्तकात आला तो गुन्हा म्हणून. दया मात्र येथे कमी नव्हती. कलकत्त्यास १८६१ मध्ये आणि मुंबईस १८७४ मध्ये प्राण्यांवरील क्रूरतेला आळा घालणाऱ्या संस्था निघाल्या. सर दिनशा माणेकजी पेटिट ह्यांच्या दातृत्वाने, त्यांच्या पत्नी बाई साकरबाई ह्यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय १८८३ साली परळला उभे राहिले; ते आजही चालू आहे. १८९० चा कायदा आला, आणि स्वातंत्र्यानंतर रुक्मिणीदेवी अरुंडेल ह्यांनी राज्यसभेत धरलेल्या आग्रहातून १९६० चा प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला.

ह्या १९६० च्या कायद्यात बरेच काही आहे. जनावराला वाहनातून यातना होतील अशा रीतीने नेणे, मालकाने त्याला पुरेसे अन्न, पाणी वा निवारा न देणे, हे गुन्हे आहेत. पहिल्या गुन्ह्याचा दंड मात्र दहा ते पन्नास रुपये ठरवला, तो आजही तेवढाच आहे. जनावर ताब्यात घेण्याचा अधिकार कायद्याने शिपायाच्या वरच्या दर्जाच्या पोलीस अधिकाऱ्याला किंवा राज्य सरकारने नेमलेल्या व्यक्तीला दिला. रस्त्यावरील माणसाला दिला नाही. तो अधिकारी येईपर्यंत काय? आपल्या म्हणीप्रमाणे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, असा प्रकार व्हावयाचा.

मोटारयुगात अमेरिकेनेही आधी हीच वाट धरली. कॅलिफोर्निया राज्याने २००६ साली जनावराला धोका होईल अशा रीतीने मोटारीत सोडून जाणे हा गुन्हा ठरवला, पण मोटार उघडण्याची मुभा अधिकाऱ्यांनाच ठेवली. काच फोडणाऱ्या सामान्य माणसाचे भय तसेच राहिले. २०१५ साली जॉर्जिया राज्यात एका गृहस्थाने तापलेल्या मोटारीची काच फोडून कुत्रा बाहेर काढला आणि त्यालाच अटक झाली. तेथील कायद्यात माणसाला सोडवण्याची सूट होती, कुत्र्याला सोडवण्याची नव्हती. लोकांत बोभाटा झाला आणि आरोप मागे घेण्यात आला. पण बोभाटा झाला नसता तर?

त्याच २०१५ च्या जुलैपासून शेजारच्या टेनेसी राज्याने नवे पाऊल टाकले. बंद मोटारीतील मूल सोडवणाऱ्याला तेथे आदल्या वर्षीच नुकसानभरपाईच्या दाव्यापासून संरक्षण दिले होते. ते आता जनावर सोडवणाऱ्यालाही दिले. २०१६ मध्ये फ्लॉरिडा, ओहायो, मॅसॅच्युसेट्स आदी राज्ये त्या वाटेने गेली, आणि कॅलिफोर्नियाचा सुधारलेला कायदा १ जानेवारी २०१७ पासून अमलात आला.

ह्या कायद्यांतील अटी बारकाईने पाहण्यासारख्या आहेत. दार खरोखरच बंद आहे ह्याची खात्री करावी. जनावराच्या जिवाला तात्काळ धोका आहे असे मानण्यास सबळ कारण असावे. पोलिसांना किंवा अग्निशामक दलाला कळवावे. गरजेपुरतेच बळ वापरावे. टेनेसीचा कायदा सांगतो की आपले नाव-ठिकाण आणि दार उघडण्याचे कारण लिहिलेली चिठ्ठी मोटारीच्या काचेवर ठेवावी. कॅलिफोर्नियाचा कायदा सांगतो की अधिकारी येईपर्यंत जनावराला घेऊन जवळपासच सुरक्षित जागी थांबावे आणि मग ते त्याच्या स्वाधीन करावे.

कित्येकांना ह्या अटी जाचक वाटतील. मला त्यांत शहाणपण दिसते. ह्या कायद्यावरचा मुख्य आक्षेप असा की कुत्र्याचे निमित्त करून उद्या कोणीही कोणाचीही काच फोडील. म्हातारी मेल्याचे दुःख नाही, पण काळ सोकावतो. ह्या अटी त्या आक्षेपाचे उत्तर आहेत. चोर पोलिसांना बोलावीत नाही, चिठ्ठी लिहीत नाही आणि थांबतही नाही. जो थांबतो त्याचा हेतू थांबण्यानेच सिद्ध होतो. १८३५ च्या कायद्यात चोवीस तासांची मुदत जे काम करीत होती तेच काम आता ह्या अटी करतात. मुदत ठेवणे शक्य नव्हते, कारण येथे प्रश्न तासांचा राहिला नाही, मिनिटांचा झाला आहे. आणि कोंडवाड्यात गवत-पाणी देऊन भागत होते, गुर जागेवरच राही. तापलेल्या मोटारीत पाणी ठेवून भागत नाही, जनावर बाहेरच काढावे लागते. म्हणून अधिकार वाढला, आणि म्हणूनच अटीही वाढल्या.

तरीही नुकसान कोणी सोसावे हा १९१० चा प्रश्न मिटला नाही. इंडियाना राज्याने २०१७ साली त्यावर तोड काढली: सोडवणाऱ्याने दुरुस्तीचा निम्मा खर्च द्यावा. ही तोड मला पटत नाही. धक्का मोडणाऱ्या बोटीने आपलाच लाभ साधला होता. काच फोडणाऱ्याला लाभ कसला? १९११ च्या इंग्रजी कायद्याने चाऱ्याचा खर्च मालकावर टाकला होता, तोच न्याय येथे अधिक शोभतो. आणखीही एक उणीव सांगावयास हवी. फ्लॉरिडाचा कायदा घरात पाळलेल्या जनावरांपुरताच आहे. शेतीची गुरेढोरे त्यातून स्पष्टपणे वगळली आहेत. ज्या गुरांच्या कोंडवाड्यापासून ही कल्पना निघाली ती गुरेच दाराबाहेर राहिली!

इंग्लंडात असा स्वतंत्र कायदा नाही. तेथे २००६ च्या प्राणिकल्याण कायद्याने पोलीस व निरीक्षक ह्यांना हालात सापडलेले जनावर सोडवण्याचे अधिकार दिले आहेत. सामान्य माणसाला आधार आहे तो १९७१ च्या मालमत्तानुकसानीच्या कायद्याचा. परिस्थिती कळली असती तर मालकानेच संमती दिली असती, असे प्रामाणिकपणे वाटून केलेले नुकसान गुन्हा ठरत नाही. ह्या विचारात एक गोडवा आहे. बहुतेक मालक काही दुष्ट नसतात. दोन मिनिटांत येतो म्हणून गेलेले असतात. काच फोडणारा त्यांच्या वतीनेच दगड उचलतो.

आणि आपण? १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडसंहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. जुने ८१ वे कलम तिच्यात १९ व्या क्रमांकाने आले आहे. सद्हेतूने, गुन्हेगारी उद्देश नसताना, व्यक्तीची किंवा मालमत्तेची दुसरी हानी टाळण्यासाठी केलेले कृत्य केवळ हानिकारक म्हणून गुन्हा होत नाही. आता शब्द पाहा: व्यक्तीची किंवा मालमत्तेची. कुत्रे ही व्यक्ती नव्हे. तेव्हा ते वाचवणाऱ्या माणसाला न्यायालयात ह्या कलमाचा आसरा घ्यावयाचा तर म्हणावे लागेल की मी मालकाची एक वस्तू वाचवण्यासाठी त्याची दुसरी वस्तू फोडली. म्हणजे जीव वाचवला हे खरे कारण बाजूला ठेवून माल वाचवला असे सांगावयाचे! १९७६ साली आपल्या राज्यघटनेत मूलभूत कर्तव्ये आली आणि प्राणिमात्रांविषयी दया बाळगणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य ठरले. घटना नागरिकाला दया करावयास सांगते. पण ती दया करताना काच फुटली तर नागरिकाचे काय, ह्याविषयी १९६० च्या कायद्यात स्पष्ट कलम नाही.

असे कलम करणे आपल्याला अशक्य आहे काय? मुळीच नाही. रस्त्यावर अपघात होऊन माणूस पडला असता पोलिसांचा ससेमिरा नको म्हणून लोक पुढे होत नसत. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्यांच्या रक्षणाच्या मार्गदर्शक सूचनांना बळ दिले, आणि २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन अपघातग्रस्ताला सद्भावनेने मदत करणाऱ्यास दिवाणी व फौजदारी संरक्षण मिळाले. म्हणजे परोपकार करणाऱ्याचे भय घालवणे हे कायद्याचे काम आहे, हे तत्त्व आपण मान्य केलेच आहे. ते मोटारीच्या चाकाखालून मोटारीच्या आत नेणे एवढेच बाकी आहे. कोणाही माणसाने, हे १८३५ चे दोन शब्द त्यात असावेत. दार तपासणे, पोलिसांना कळवणे, बेताने बळ वापरणे, जागेवर थांबणे ह्या अटी असाव्यात. खर्च मालकावर असावा. आणि गुरेढोरे वगळलेली नसावीत.

तोपर्यंत आपण नागरिकांनी काय करावे, असे कोणी विचारील. आधी आसपासच्या दुकानांतून मालकाचा शोध करावा, ११२ क्रमांकावर पोलिसांना कळवावे, चार माणसांना साक्षीला ठेवावे. एवढे करूनही वेळ उरली नाही, तर काय करावे हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे. कायद्याच्या भीतीने चांगल्या माणसाचा हात अडू नये, एवढी व्यवस्था करणे मात्र आपल्या सर्वांच्या हाती आहे. कारण कायदे करणारे आपणच निवडून देतो.

एका गोष्टीचा उल्लेख करून पुरे करतो. १८३५ साली वैरणीची पेंढी घेऊन कोंडवाड्यात शिरणारा माणूस कोण होता, हे इतिहासाने नोंदवलेले नाही. पण असा कोणी माणूस भिंतीबाहेर उभा असतो, त्याला आत जावेसे वाटते आणि तो अडतो, हे पार्लमेंटमध्ये बसलेल्या लोकांनी ओळखले आणि त्याच्यासाठी दार उघडले. आज आपल्या बाजारपेठेत तो उन्हात मोटारीपाशी उभा आहे. त्याच्यासाठी आपणही तेवढे करावे, इतकीच माझी विनंती आहे.